लाल रेघेच्या आत

लोक नवं घर बघायला गेले की भिंतींचा रंग बघतात, खिडकीतून डोंगर दिसतो का ते बघतात. मी मोरी बघते. मोरीचं पाणी पुढं कुठं जातं हे विचारल्याशिवाय मला त्या घरातला चहा गोड लागत नाही. नवरा होता तेव्हा तो कोपर मारायचा, आता सूनबाई डोळे मोठे करते. पण जित्याची खोड म्हणतात ती हीच. नोकरीची सगळी वर्षं मी पेणला एका सरकारी कचेरीत काढली, आणि तिथं माझ्याकडे काम होतं ते नव्या वसाहतींच्या सांडपाण्याचं. वसाहतीत घरं किती, घरात माणसं किती, माणशी पाणी किती, त्यातलं मोरीतून बाहेर किती पडणार आणि ते कुठं सोडणार, हे सगळं तपासायचं आणि त्याला मर्यादा घालून द्यायची. एवढंच पाणी सोडा, याच्या वर एक तांब्यासुद्धा नको, असं सरकारी भाषेत लिहायचं.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चारचौघांत म्हणायचे, "पेनला सगळी दुनिया गणपती घडवतंय, आन आमची मेव्हनी गटारं." सगळे हसायचे. मीही हसायचे. दाजींच्या थट्टेत कधी विष नव्हतं.

बहिणीला मी बाय म्हणायचे. आमचं माहेर खांब गावाजवळचं, हायवेला लागून. ती जमीन कधीच गेली, तिथं आता ढाबा आहे आणि ट्रकवाले आमच्या अंगणात बाजा टाकून झोपतात. बायला दिली होती रोह्याजवळ, वरसं म्हणून गाव आहे त्याच्या पुढच्या एका गावात. तिच्या सासरी दोन तऱ्हेची जमीन होती. वरच्या अंगाला वरकस माळ, ज्यात नाचणी आणि गवत यापलीकडे काही होत नसे, आणि खाली खलाटीचं शेत, काळ्या मातीचं, पावसाळ्यात भाताचं आणि हिवाळ्यात वालाचं. तिची सगळी ऐट त्या वालावर होती.

आमच्याकडचा कडवा वाल ज्यानं खाल्ला नाही त्याला ते सांगून कळणार नाही. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते तेवढ्यावर तो येतो. त्याला पाणी द्यायचं नसतं. उलट दिवसागणिक जमीन सुकत गेली पाहिजे आणि पहाटे दव पडलं पाहिजे. बाय म्हणायची, "वालाला तहान ठेवावी लागते गो. प्वाट भरलं का मरतो." तिच्या घरचं बियाणं तिच्या सासूच्या सासूपासूनचं. दाणा बारका, तांबूस, चवीला नेमका कडसर. पुण्यामुंबईचे पाहुणे त्याचं बिरडं, म्हणजे मोड आलेल्या वालाची उसळ, खाऊन बोटं चाटायचे आणि जाताना पिशवी पुढं करायचे. बाय खायचे वाल द्यायची, बियाण्याचे कधी नाही. खायचे वाल ती एरंडेल चोळून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. बियाण्याचे वाल मडक्यात, चुलीच्या राखेत. ते मडकं देवघराखालच्या कोनाड्यात असायचं आणि त्याला तिच्याशिवाय कोणी हात लावत नसे. भाचीच्या लग्नात वाल कमी पडले तेव्हाही तिनं ते मडकं उघडलं नव्हतं. दुकानातून आणले, पण बियाणं नाही.

वरकस माळ दाजींनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी विकला. त्यात मी काही वाईट म्हणणार नाही. त्या माळाकडून घरात कधी काही आलं नव्हतं. माळावर वसाहत होणार होती, जोडून बांधलेली एकमजली घरं, पुढं थोडी बाग. त्या दिवसांत वरसं गाव भराभर वाढत होतं. रोह्यात जागा उरली नव्हती, धाटावच्या कारखान्यांतल्या साहेबांना आणि बाबूंना घरं हवी होती, आणि खाडीकडच्या गावांतली ज्यांची माणसं आखातात कमवत होती त्या मुसलमान घरांनाही स्टेशनाजवळ, शाळेजवळ एखादं घर असावंसं वाटत होतं.

त्या वसाहतीचं प्रकरण माझ्याच टेबलावर आलं. मी साहेबांना सांगितलं की खालचं शेत माझ्या बहिणीचं आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. साहेब म्हणाले, "मग तर बाई तुम्हीच बघा. परक्यापेक्षा तुम्ही कडक बघाल." आणि मी कडक बघितलंच. बांधणाऱ्यानं मागितलं होतं त्यातलं मी निम्मं मान्य केलं. माणशी दिवसाला एकशे पस्तीस लिटर, घरात पाच माणसं, हा सगळीकडे चालणारा ठोकताळा मी धरला आणि घरांची संख्याच कमी करायला लावली. टाकी बांधायला लावली, टाकीतून गाळून, निवळून मगच पाणी वहाळात सोडायचं अशी अट घातली. वहाळ म्हणजे पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा. तो बायच्या शेताच्या बांधाला लागून पुढं नदीकडे जायचा. बांधणारा साहेबांकडे जाऊन रडला, की ह्या बाई आम्हाला जगू देत नाहीत. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

टाकीतून पाणी बाहेर पडतं तिथं एक पत्रा बसवलेला असतो. त्या पत्र्याला वरून खाली निमुळती होत गेलेली खाच असते, सगळं पाणी त्या खाचेतून पडतं. पाणी खाचेत किती उंचीपर्यंत चढलंय त्यावरून किती वाहतंय ते कळतं. मी परवानगीच्या उंचीवर लाल रंगाची रेघ मारून घेतली. रंगारी माझ्यासमोर बसून ती रेघ मारत होता आणि बाय बांधावर उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "हे कशाला गो?" मी म्हटलं, "ही तुझ्या शेताची राखणदार. पाणी या रेघेच्या वर गेलं की मला सांगायचं. मग मी बघते एकेकाला." बाय हसली आणि म्हणाली, "म्हंजी माझ्या बांधावर तुझी पोलीस चौकी झाली."

पहिल्या पावसाळ्यात काही जाणवलंच नाही. पावसाच्या पाण्यात ते पाणी कुठं गेलं कळलं नाही. उलट पाऊस लांबला तेव्हा शेजाऱ्यांची भातं माना टाकत होती आणि बायचं शेत हिरवंगार होतं. गावात बोलायला लागले की हिला फुकटचा कालवा मिळाला. दाजी येईल त्याला सांगायचे, "मेव्हनीनं आनला." भाताची पातीच पाती वाढली, माणूसभर उंच. मग ती आडवी पडली आणि लोंब्यांत दाणा भरला नाही. तरी कोणी मनावर घेतलं नाही. एखादं वर्ष होतं तसं, म्हणाले. पाणी जास्त झालं अशी तक्रार करायची आमच्याकडे कोणाला सवयच नाही. आकाशातून इतकं पडतं की जमिनीवरून आलेल्या पाण्याचा संशय कोणाला येत नाही.

दिवाळीनंतर बायनं वाल पेरला. वहाळ एव्हाना कोरडा व्हायला हवा होता. तो झाला नाही. पाणी स्वच्छ दिसायचं, वासही फारसा नसायचा, पण ते थांबायचं नाही. सपाट जमीन, उतार नाही, ते बांधाखालून झिरपत शेतात यायचं. वाल उगवला, चार पानांवर आला आणि पिवळा पडून बसला. उपटून बघितलं तर मुळं काळी, बोटांत चुरणारी. बायनं मला निरोप पाठवला नाही. संक्रांतीच्या आसपास मी आपली दरवर्षीसारखी पोपटी खायला म्हणून गेले. शेतातच मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, त्यात वालाच्या ताज्या शेंगा भरून, वर गवत पेटवून भाजायच्या, हे आमचं हिवाळ्याचं सगळ्यात मोठं सुख. बायच्या शेतातल्या शेंगांची पोपटी खायला मी पेणहून एसटीचे धक्के खात जायचे. त्या वर्षी दाजींनी बाजारातून शेंगा आणल्या होत्या. बायनं मडकं भरलं, पण ती आमच्यात बसली नाही. "इकतच्या शेंगांची कसली पोपटी," म्हणाली आणि गुरांना बघायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीवर गेले. लाल रेघ पाण्याखाली होती.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मर्यादा मोडली होती, म्हणजे कोणीतरी मोडली होती, म्हणजे गुन्हेगार सापडणार होता. मी त्याच दुपारी वसाहतीत घरोघर फिरले. प्रकार लगेच ध्यानात आला. पुष्कळ घरांचे मालक आखातात होते. घरं रिकामी ठेवण्यापेक्षा त्यांनी ती धाटावच्या कामगारांना भाड्यानं दिली होती. एका घरात तीन शिफ्टची माणसं. पहिल्या शिफ्टचा उठून गेला की त्याच्या गादीवर तिसऱ्या शिफ्टचा येऊन पडायचा. कारखान्यातून आलेला माणूस आधी अंघोळ करतो, भरपूर करतो, कारण अंगाला जो वास लागलेला असतो तो एका बादलीत जात नाही. माझ्या पाच माणसांच्या हिशेबात तिथं बारा-पंधरा नांदत होती, आणि मोऱ्या दिवसरात्र वाहत होत्या.

एकाच घरानं मला थांबवून घेतलं. तिथं एक म्हातारी बाई एकटी राहायची. डोक्यावरून पांढरी ओढणी, हातात जपाची तसबी. तिचे तिन्ही मुलगे आखातात होते, सुना-नातवंडंही तिकडेच. घर मुलांनी घेतलं होतं, पण त्यात राहायला ही एकटी. मी मोरी बघते म्हटल्यावर तिनं आधी चहा ठेवला. म्हणाली, "बघ बेटी, बघ. माझं पानी ते किती? नमाजाच्या वजूला एक लोटा, न्हायला एक बादली. ही भांडी बघ, एक कप, एक ताट. तुज्या सरकारला सांग, या घरात पाच माणसं धरलीत ना, ती मला आणून द्या." मी हसले. तीही हसली, आणि मग ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. तिचं घर मी माझ्या मनात निर्दोष म्हणून नोंदवलं.

आदेश निघाला. मसुदा माझाच. परवानगीत धरलेल्या माणसांपेक्षा जास्त माणसं घरात ठेवायची नाहीत, नाही तर वसाहतीचं पाणी तोडू. मालकांनी आखातातून फोन केले, वसाहतीच्या कमिटीनं धावपळ केली, पण शेवटी भाडेकरू निघाले. मी पाहणीला गेले त्या दिवशी एक जण पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधत होता. मराठवाड्याकडचा होता, बोलण्यावरून कळत होतं. मी कोण हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं. तो रागावला नाही. दोरीची गाठ मारत म्हणाला, "म्याडम, आमच्या गावाला पानी नव्हतं म्हनून हितं आलो. हितं पानी जास्त झालं म्हनून निघालो." पुढं कधीतरी रोहा स्टेशनच्या बाहेर तो मला दिसला, कोणाच्या तरी पडवीत राहत होता. त्यानं नमस्कार केला आणि मी दुसरीकडे बघितलं.

पण रेघ वर आली. पाणी रेघेच्या कितीतरी खाली गेलं. पुढच्या पावसाळ्यानंतर वहाळ जवळजवळ आटला. शेताला भेगा पडायला लागल्या तेव्हा बायनं मला मुद्दाम निरोप पाठवून बोलावून घेतलं. आम्ही दोघी बांधावर उभ्या होतो. तिनं मूठभर माती उचलली, दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मडक्यातलं निम्मं बियाणं आदल्या वर्षी गेलं होतं. मडकं निम्मंच उरलं होतं.

"पेरू का गो?" तिनं विचारलं.

तिनं आयुष्यात मला शेतीतलं काही विचारलं नव्हतं. मी विचारायचे, ती सांगायची. त्या दिवशी मात्र तिच्या शेताबद्दल मी सांगावं आणि तिनं ऐकावं अशी वेळ आली होती, कारण त्या शेताची ओल आता आभाळाकडे नव्हती, माझ्या कचेरीकडे होती. मी टाकीवर जाऊन पत्रा बघून आले. पाणी खाचेच्या तळाशी होतं.

"पेर," मी म्हटलं.

तरी तिनं उरलेल्यातलं सगळं पेरलं नाही. ओंजळीनं मोजून थोडं राखेत परत ठेवलं. "बहिनीवर इस्वास हाय गो," ती म्हणाली, "पन सासूनं शिकवलंय, मडक्याचा तळ दिसू द्यायचा नाय." वाल उगवला. असा उगवला की बघत राहावं. मार्गशीर्षात वेल बांधावर चढले, जांभळट पांढरी फुलं आली. दाजी पुन्हा थट्टा करायला लागले. मी पेणला सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की या वर्षी पोपटीला सगळ्यांनी यायचं, साहेबांनीसुद्धा.

त्या वर्षांत रमजान थंडीत येत होता. ईदला आखातातली माणसं सुट्टी काढून घरी आली. त्यात दोन-तीन घरांत लग्नं निघाली होती, म्हणून जास्तच आली. जी घरं बांधल्यापासून बंद होती त्यांच्या खिडक्या उघडल्या. ईदनंतर दोन-चार दिवसांनी मी पाहणीसाठी वसाहतीत शिरले, तर पोरांचा नुसता गलका. त्या म्हातारीनं मला दारातूनच हाक मारली. हात धरून आत नेलं. तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नातवंडं, सुना, बॅगा, दोरीवर वाळत घातलेले रंगीबेरंगी कपडे. तिनं मला शिरखुर्म्याची वाटी दिली आणि सगळ्यांना सांगितलं, "हीच ती, माज्या घरात पाच माणसं लिवणारी. बघ बेटी, आली माजी माणसं. तुजा हिशेब खरा झाला." तिचा चेहरा असा उजळला होता की मलाही भरून आलं. मी वाटी तोंडाला लावली आणि तेवढ्यात मला न्हाणीघरातलं पाणी ऐकू आलं. मग शेजारच्या घरातलं. मग पलीकडच्या. सगळ्या वसाहतीत नळ चालू होते. लहान मुलांना न्हाऊ घालत होते, भांडी घासत होते, ईदचे कपडे धूत होते. वाटी संपवायची म्हणून मी संपवली.

टाकीवर गेले. पाणी लाल रेघेला टेकलं होतं. वर नव्हतं. एक बोट काय, एक केससुद्धा वर नव्हतं. सरासरीनं घरात पाच माणसं, माणशी एकशे पस्तीस लिटर, आणि माझी रेघ. वसाहत झाल्यापासून पहिल्यांदाच सगळं माझ्या हिशेबाप्रमाणे चाललं होतं.

मी तशीच खाली शेतात गेले. बांध मऊ लागत होता, पाय रुतत होता. वालाची खालची पानं पिवळी झाली होती, फुलं गळून चिखलात पडली होती. बाय एका वेलाशी ओणवी होऊन मुळाशी चर काढत होती, हातानं, कारण कुदळीनं मूळ दुखावलं असतं. तिनं वर बघितलं. "रेघंच्या वर गेलंय ना गो?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात आशा होती. वर गेलं असेल तर मी काहीतरी करीन, एवढा तिचा भरवसा होता.

"नाही," मी म्हटलं. "रेघेच्या आत आहे."

ती पुन्हा ओणवी झाली. चर काढत राहिली.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, मर्यादाच चुकीची आहे, पावसाळा सोडून बाकीच्या महिन्यांसाठी ती कमी करू. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, पाणी शुद्ध आहे. मर्यादेत आहे. माणसं परवानगीइतकीच आहेत. आता कमी करायचं तर कोणाच्या घरातली माणसं कमी करू, ते तुम्ही मला सांगा." मला एकच घर आठवलं, दोरीवरचे रंगीबेरंगी कपडे आठवले. पाणी नळीनं थेट नदीपर्यंत न्यायची योजना मी लिहून दिली. वाटेतल्या शेतकऱ्यांनी नळी जाऊ द्यायची तयारी दाखवली नाही. त्यांचंही खरं होतं. ज्यांनी बायच्या शेताची दशा बघितली होती ते आपल्या शेतातून तेच पाणी का जाऊ देतील? योजना या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिली आणि मी निवृत्त झाले तेव्हाही फिरतच होती.

ईदला आलेल्यांतले काही परत गेलेच नाहीत. मुलांच्या शाळेसाठी सुना राहिल्या. ते चांगलंच झालं. त्या म्हातारीची शेवटची वर्षं नातवंडांत गेली. मी तिच्या मयतीलाही गेले होते. पण वहाळ त्या ईदनंतर कधी कोरडा झाला नाही.

त्या ईदनंतर जी दिवाळी आली ती झाल्यावर मी बायकडे गेले. दाजींना तेव्हा दम लागायला लागला होता, ते पडवीत बाजेवर बसून असायचे. त्यांनी थट्टा केली नाही, नुसता हात वर केला. बाय मागच्या दारी दगडावर बसून परातीत वाल धूत होती. मला बघून म्हणाली, "बरी आलीस. ऱ्हा दोन दिस. वाल भिजत घालतंय, मोड आलं का परवा बिरडं करू. तुला आवडतं ना?"

मी पदर खोचून तिच्याशेजारी बसले. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून जेवायला राहा म्हणाली होती, मला बरं वाटलं. आम्ही भाचीच्या मुलाबद्दल बोललो, दाजींच्या औषधाबद्दल बोललो. ती वाल चोळत होती, मी तांब्यानं पाणी घालत होते. पहिलं पाणी तिनं पातेल्यात निथळलं. ते पाणी राखाडी होतं. मी अजून बोलतच होते. दुसरं पाणी निथळलं, तेही राखाडी, आणि तळाशी बारीक काळा कोळसा बसला.

खायच्या वालाला एरंडेल असतं. राख नसते.

मी घराकडे वळून बघितलं. दारातून देवघर दिसत होतं. खालचा कोनाडा रिकामा होता. मडकं अंगणात उन्हाला पालथं घातलं होतं, धुऊन.

"बाय," मी म्हटलं, "हे तर बियाणं आहे."

"व्हय."

"अगं, कोणाला तरी दे. शेजारी दे. मी पेणला घेऊन जाते, कोणाच्या तरी शेतात पेरते."

"कोनाच्या?" ती म्हणाली. "खलाटीत आता शेजाऱ्यांची बी भिजलीत. वरची इकली. तू कुंडीत लावशील दारात, चार येल. त्याचं काय बियानं ऱ्हातं गो? अजून एक वरीस ठेवलं तर भुंगा पोखरंल. त्यापरीस तुज्या पोटात गेलेलं बरं. तुला आवडतं म्हनून काढलं."

मी रडायला लागले. साठीला आलेली बाई, मागच्या दारी बसून पोरीसारखी रडले. बायनं माझ्याकडे बघितलं, पण हात थांबवला नाही. ती एकेक दाणा निवडत होती, किडका दिसला की बाजूला टाकत होती, पेरायचे असावेत तशी. मग तिनं धुतलेले वाल स्वच्छ पाण्यात घातले, वर ताट झाकलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. राखेच्या पाण्याचं पातेलं माझ्यापुढं होतं. काहीतरी करायला हवं म्हणून मी ते उचललं. मोरीकडे जाणार होते, मग थांबले. ते पाणी मला मोरीत ओतवेना.

"बाय, हे कुठं ओतू?"

ती ताटावर वजन म्हणून दगड ठेवत होती. तिनं मान वर केली नाही.

"वत खाली शेतात," ती म्हणाली. "सगळ्यांचं जातंय तितं, आपलं बी जाऊ दे."